राहिले की गेले

मोठ्या काकांच्या टीमला चांगलं भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेत नसे. घरात ती टीम म्हणजे 'आपले'. आपले जिंकले, आपले हरले, आपल्यांचा गोलकीपर पुन्हा लंगडतोय. नवख्या पाहुण्याला वाटे, मिरजेकडच्या कुणा भावकीबद्दल बोलणं चाललंय. प्रत्यक्षात हे आपले झांबियातले, किट्वे नावाच्या खाणींच्या गावातले, तिथल्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळणारे. आठवडाभर जमिनीखाली तांबं खणायचं आणि रविवारी बूट चढवून देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरायचं, असे ते खेळाडू. आणि त्यांची काळजी करणारे आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, लंडनजवळ इल्फर्डच्या एका अरुंद घरात गॅसच्या शेगडीपुढे पाय शेकत बसलेले. आमच्या रस्त्यावर पूर्व लंडनमधल्या क्लबांसाठी माणसं एकमेकांची डोकी फोडायला उठत. बाबांना त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो किट्वेच्या पॉइंट्समध्ये.

बाबा आणि मोठे काका तरुणपणी बरोबरच त्या खाणींवर नोकरीला गेले. बाबा इलेक्ट्रिशियन, काका खाणीच्या इस्पितळात कंपाउंडर. माझा जन्म तिथलाच. पुढे बाबांनी आम्हाला घेऊन इंग्लंड गाठलं, काका मात्र तिथेच राहिले. का राहिले, असं कुणी विचारलं की काकू एका शब्दात उत्तर द्यायच्या, "बॉल." इस्पितळातून सुटले की काका टीमच्या सेवेला हजर. कुणाचा गुडघा चोळ, कुणाचा घोटा बांध, आणि मॅचमध्ये कुणी आडवा झाला की एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताने नाकावरचा चष्मा दाबून धरत मैदानात धाव. लोक टाळ्या वाजवत, 'बा-डोकोटा, बा-डोकोटा' असं ओरडत, म्हणजे डॉक्टरसाहेब. लहानपणीचं एवढं मला स्पष्ट आठवतं, ढोल, तांबडी धूळ आणि त्या धुळीत पळणारे काकांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. आणखी आठवतात त्या काकू. क्लबचा कपडे धुणारा माणूस एकदा काम सोडून गेला तेव्हा काकांनी सगळ्या जर्सी घरी आणल्या, 'एका आठवड्यापुरत्या'. त्यानंतर दर सोमवारी काकू मागच्या अंगणात बसून त्या घासत राहिल्या. तिथली माती कपड्यातून सुटत नाही. त्यांच्या नखांच्या कडा कायम तांबड्या असायच्या, आणि हळदीकुंकवाला जाताना त्या हात पदराखाली घ्यायच्या.

इल्फर्डला आमच्याकडे रविवार संध्याकाळ म्हणजे फोनची वेळ. फोन जिन्याच्या पायथ्याशी, हॉलवेमध्ये, आईने विणलेल्या रुमालावर. तिथे हीटर नव्हता, म्हणून बाबा अंगात कोट घालून बसत. काका क्लबच्या ऑफिसातून ट्रंककॉल लावत. आधी ऑपरेटरचा आवाज, मग समुद्रासारखी खरखर, मग काकांचं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का रे?" त्यानंतर जे चाले ते सगळं कॉर्नर, पेनल्टी आणि रेफ्रीच्या आईबापांबद्दल. आई म्हणायची, दोघे भाऊ बोलतात खरे, पण एकमेकांशी नाही, त्या बॉलशी बोलतात. फोन झाला की आम्ही जेवायचो. रविवारी हटकून न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडून केलेला घट्ट गोळा, आणि त्यावर आईचं लसणाचं पिठलं. इथे पांढरं पीठ मिळत नसे, कॅरिबियन दुकानात पिवळं मिळे. बाबा पहिल्या घासाला म्हणत, "याला ती चव नाही." आणि मग दोनदा मागून घेत.

माझ्या ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या, वर्षी काकांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाहीच. काकूंनी एकदा मधेच फोन हिसकावून घेऊन सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी लंडनला जाऊन तपासून घ्यायला बजावलं होतं. बाबा हादरले. डॅगनमच्या मोटारींच्या कारखान्यात ते ज्या युनियनवाल्याशी कधी बोलत नसत त्याच्याकडून त्यांनी हार्टच्या डॉक्टरांची नावं आणली, वरची अडगळीची छोटी बॉक्सरूम रिकामी केली, तिला पिस्ता रंग दिला. आणि काका? काका हसत म्हणायचे, "अरे, वरच्या डिव्हिजनमध्ये आहेत, आत्ता कसं सोडू? हे खाली गेले की मी सुटलो. दुसऱ्या दिवशी विमानात बसतो." दर फोनला हेच. बाबा ओरडत, विनवण्या करत, एकदा तर रिसिव्हर आपटला. काका दगडावर पाणी पडावं तसे निवांत. त्यांना मरणाची भीती नव्हती असं नाही, पण त्यांना ते रविवारच्या मधे येईल असं वाटत नव्हतं. मला त्यांचा तेव्हा राग यायचा, आणि आजही, ते गेले त्या वयाच्या कितीतरी पुढे आल्यावर, तो राग पुरता गेलेला नाही.

त्या वर्षी आपल्यांची दशा वाईट होती. ओळीने हार. टेबलाच्या तळाशी. आणि आमच्या घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. ज्या टीमसाठी बाबा उपास सोडून बाकी सगळं करत, ती हरली की त्यांचा चेहरा उजळायला लागला. ते बोलत नसत, पण मी पाहत होते. आई तर उघडच म्हणाली, "देवा, बुडव रे त्यांना एकदाचं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. सगळं शेवटच्या मॅचवर येऊन ठेपलं. ती जिंकली तर आपले वर राहणार, नाहीतर खाली जाणार. 'राहिले की गेले' हे शब्द आमच्या घरात मिठासारखे झाले, प्रत्येक बोलण्यात पडायचे. बाबांनी बॉक्सरूममध्ये पलंगसुद्धा लावून टाकला.

इथे मला थोडं व्याकरण सांगावं लागणार. माझा नातू इथे लंडनमधल्या पिनरला माझ्याजवळ बसून मराठी शिकतो, म्हणजे मी शिकवते आणि तो वाद घालतो. परवा म्हणाला, "आजी, पणजोबा तर एकच होता ना? मग 'आले' का? प्लूरल का?" मी म्हटलं, बाळा, मराठीत मान द्यायचा तर एका माणसाचे अनेक करावे लागतात. तो म्हणाला, "दॅट्स कन्फ्यूजिंग." मी उठून चहा टाकायला गेले. काका ज्यांच्यात राहिले त्या लोकांच्या बेंबा भाषेतही असंच आहे, ते 'बा-डोकोटा'मधलं 'बा' मानाचंही आणि अनेकांचंही. इंग्रजीत बोलणं झालं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. इंग्रजीत 'ही' वेगळा आणि 'दे' वेगळे.

तो रविवार ढगाळ होता. मी अभ्यासाचं निमित्त करून जिन्याच्या चौथ्या की पाचव्या पायरीवर बसले होते. नेहमीपेक्षा थोडा लवकरच फोन वाजला. बाबांनी कोटही घातला नाही. ऑपरेटर बोलला, खरखर झाली, आणि मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं की पलीकडे काका नाहीत. "वहिनी?" ते म्हणाले. आणि दुसऱ्याच श्वासाला, जे महिनाभर ओठांवर होतं तेच, "काय झालं? राहिले की गेले?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. बाबांनी डोळे मिटले. मग त्यांनी सोडलेला श्वास मला वरपर्यंत ऐकू आला.

"गेले?" बाबा म्हणाले. "अहो मग रडताय काय वहिनी? फार बरं झालं. मी तर देवाकडे हेच मागत होतो. सुटलात तुम्ही एकदाच्या. आता डोळे पुसा, सामान बांधा आणि या इकडे. खोली तयार आहे." मग ते "हॅलो, हॅलो" करत राहिले. लाइन गेली होती, ती तशी नेहमीच जायची. बाबा आईला म्हणाले, वहिनींचं रडू थांबत नव्हतं, एवढी वर्षं जर्सी धुतल्या, माया लागणारच. आणि दादाला फोनवर यायला तोंड नसेल.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जितका आनंद होता तितका मी नंतर माझ्या लग्नातही पाहिला नाही. आईने साजूक तुपातला शिरा केला, बेदाणे घालून. बाबा शेजारच्या मिस्टर कोलना बोलावून आले आणि त्यांनाही बशीभर दिला. ते बिचारे विचारत होते, कशाचं सेलिब्रेशन? बाबा म्हणाले, "अवर टीम हॅज गॉन डाउन." मिस्टर कोल जन्मभर पूर्व लंडनमधल्या एका क्लबच्या पायी रडलेले. त्यांनी बाबांकडे असं पाहिलं की आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी पण हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजमधून आले तेव्हा बाबा दुपारच्या शिफ्टला निघायच्या तयारीत होते, डबा हातात होता. फोन वाजला. क्लबचे सेक्रेटरी फिरीसाहेब होते, इंग्रजीत बोलत होते. ते सावकाश आणि फार अदबीने बोलत, आणि त्यांचा आवाज रिसिव्हरबाहेर ऐकू येई. त्यांनी आधी सांत्वन केलं. बाबांना वाटलं, टीम खाली गेल्याबद्दल आहे. बाबा म्हणाले, नशीब, मिस्टर फिरी, पुढच्या वर्षी परत वर येतील, काल माझ्या वहिनीने सांगितलं मला. फिरीसाहेब मग म्हणाले, "नो, सर. वी स्टेड. वी स्टेड अप. इट इज द डॉक्टर हू हॅज गॉन."

डबा खाली पडला नाही की बाबा ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, कधी? काल, मॅच चालू असताना. आपल्यांचा एक खेळाडू पडला म्हणून काका बॅग घेऊन धावले, आणि अर्ध्या मैदानात बसले. लोकांना आधी वाटलं चष्मा पडला, तो शोधतायत. खेळाडूंनी मग मॅच पुरी केली, आणि जिंकली. अंत्यसंस्कार आज सकाळीच झाले होते. मुलगा सतीश पुण्याला शिकत होता, तो पोचणार नव्हता. लंडनच्या भावासाठी थांबायचं का, असं फिरीसाहेबांनी काकूंना विचारलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, कुणासाठी थांबायचं नाही.

फोन ठेवून बाबा पायरीवर, माझ्या नेहमीच्या जागी बसले. "मी वहिनींना काय बोललो गं?" त्यांनी मला विचारलं. मी सगळं ऐकलेलं होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मग स्वतःच एकेक वाक्य पुन्हा म्हटलं, आता दुसऱ्या अर्थाने, सगळं, 'खोली तयार आहे'पर्यंत. काकूंना वाटलं असणार की इस्पितळाने आधीच कळवलं आहे, म्हणूनच दीर विचारतोय, राहिले की गेले. आणि दिराने वर काय म्हणावं, तर देवाकडे हेच मागत होतो. आईने स्वयंपाकघरात उरलेला शिरा पातेल्यासकट बाहेरच्या डस्टबिनमध्ये टाकला. बाबा सिंकपाशी जाऊन घशात बोटं घालून ओकायचा प्रयत्न करत होते. आदल्या दिवशीचं सुतकातलं गोड असं कुठे निघतं? आईने त्यांना धरलं तर ते म्हणाले, "मी शेजाऱ्याला वाटलं गं ते."

त्यानंतर बाबांनी लावलेला एकही फोन काकूंनी घेतला नाही. बंदुकीची गोळी आणि तोंडचा शब्द, एकदा सुटला की सुटला. बाबांनी फिरीसाहेबांकरवी सांगून पाहिलं, सतीशला सगळं समजावलं. सतीशला पटलं, तो म्हणाला, काका, मी आईला सांगतो. त्याने सांगितलंही, पण काकू आल्या नाहीत. पुण्याला गेल्या, तिथे बरीच वर्षं राहिल्या, आणि नशिबाची थट्टा अशी की शेवटी आल्या त्या इंग्लंडलाच, सतीशला केंब्रिजला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा. इल्फर्डहून मोटारीने जेमतेम तासाभराचा रस्ता. बाबा एकदा गेले होते, मी गाडी चालवत होते. काकू वरच्या खोलीत होत्या, खाली आल्या नाहीत. सतीशच्या बायकोने चहा दिला, बिस्किटं दिली, आणि जिन्याकडे पाहत राहिली. घरी आल्यावर त्यांनी रेडिओवरचा आफ्रिकेचा बातम्यांचा कार्यक्रम, जो ते वर्षानुवर्षं स्कोअरसाठी लावत, तो लावायचा सोडला. 'आपले' हा शब्द त्यांनी पुन्हा त्या अर्थाने उच्चारला नाही. हल्ली तर फोनवर त्या लीगच्या मॅचेस दिसतात. मी एकदा लावून पाहिली. मैदानावर धावत आलेला फिजिओ हिरव्या ट्रॅकसूटमध्ये होता, आणि मी स्क्रीन उलटी करून ठेवली.

आई गेली, आणि पाठोपाठ बाबांनी अंथरूण धरलं. कौन्सिलने दिलेला हॉस्पिटलचा पलंग फ्रंटरूममध्ये आला. बाबांना आता एकच हवं होतं, वहिनींनी एकदा 'समजलं मला' एवढं म्हणावं. ते रोज बोलत नसत, पण मी फोन उचलला की त्यांची मान वळे. म्हणून मी त्यांना न सांगता एकटीच केंब्रिजला गेले. या वेळी काकू खालीच होत्या, किचनच्या टेबलाशी मेथी निवडत. फार वाळल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "त्याच्यासाठी आलीस ना?" मी हो म्हटलं. मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"मला कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "कुणी सांगायच्या आधी. आठ दिवसांनी एकदम लक्षात आलं की भाऊजी टीमचं विचारत होते. मी काय वेडी आहे? माणूस सख्ख्या भावाबद्दल असं बोलेल का?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं का?

त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. "तो म्हणाला, सुटलात तुम्ही एकदाच्या. त्याआधी तासभर मी क्लबच्या ऑफिसात एकटी बसले होते. बाहेर लोक नाचत होते, जिंकले म्हणून. कोपऱ्यात त्या दिवशीच्या जर्सी पडल्या होत्या, ढीगभर. आणि मला वाटलं, आता या धुवाव्या लागणार नाहीत. नवरा शेजारच्या खोलीत झाकून ठेवलेला, आणि मला हे वाटलं. सुटले, असं. मग फोन लावला तर हा तेच बोलला, माझ्या मनातलं, जसंच्या तसं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तो चुकून बोलला. पण खोटं नव्हता बोलला. आता त्याच्यासमोर कशी बसू मी? हे त्याला सांगू नकोस. त्याचा भाऊ होता तो."

मी निघाले तेव्हा त्यांनी मला मेथीची जुडी दिली, बाबांना आवडते म्हणून. गाडीत ती शेजारच्या सीटवर होती. मी मोटरवेवरच्या एका सर्व्हिस स्टेशनात गाडी थांबवून रडून घेतलं. काकूंसाठी रडले की बाबांसाठी, ते मला कळलं नाही.

घरी देखभालीला येणारी केअरर बाबांना सूप भरवून नुकतीच गेली होती. मेथीचा वास त्यांना लगेच आला. त्यांनी कुठून आणलीस असं विचारलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांना कळलं. उठून बसायचा प्रयत्न केला, मी उशी लावली.

"काय म्हणाल्या वहिनी?" त्यांनी विचारलं. "फोन का घेत नाहीत माझा?"

मी सतरा उत्तरं मनात जुळवली होती. एकही कामाचं नव्हतं. "त्यांना ऐकू येत नाही, बाबा," मी म्हणाले. "अगदीच कमी येतं. फोनवर तर काहीच नाही."

"कधीपासून?"

"खूप वर्षं झाली. काका गेले तेव्हाच्याही आधीपासून."

बाबांची बोटं पांघरुणाच्या कडेवरून जात-येत राहिली. मग त्यांनी माझा हात धरला, आजाऱ्याचा वाटणार नाही इतका घट्ट.

"म्हणजे मी बोललो ते त्यांना ऐकूच आलं नसेल," ते म्हणाले.

"नसेल, बाबा," मी म्हणाले.